अडगळीतले खेळ पुन्हा पडद्यावर



'जुने ते सोने' असे आपण सहज बोलून जातो. परंतु व्हिडिओ गेमच्या व्यवहारात ही म्हण फार दिवस लागू नव्हती. तेथे जुने ते भंगार, असाच हिशेब होता. १९८३ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेटी ट्रकांत भरून न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो या गावी कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या आणि वरून काँक्रीट ओतले. त्यांत 'ई. टी.' या चित्रपटावरून काढलेला एक खेळ होता. १९८२ च्या नाताळापूर्वी तो दुकानांत यायलाच हवा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या गृहस्थाकडून तो अवघ्या पाच आठवड्यांत करून घेतला होता. घाईचे काम ते घाईचेच. लोकांनी नाक मुरडले. पुढे ३१ वर्षांनी, एप्रिल २०१४ मध्ये, तोच खड्डा उकरण्यात आला. पाहायला गर्दी लोटली. सुमारे १,३०० कॅसेटी वर निघाल्या. त्यांतील बऱ्याचशा विकून एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली आणि एक कॅसेट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसली. तिकडे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ सालीच 'पॅक-मॅन' आणि 'टेट्रिस' धरून १४ खेळ आपल्या संग्रहात घेतले होते.

संग्रहालयांचे राहू द्या. ती जुन्या वस्तूंसाठीच असतात. आम्हांला कोडे पडले ते आपल्या घरांतील मुलांचे. दिवाणखान्यात नवे महागडे यंत्र असूनही ही मुले टेलिफोनच्या पडद्यावर किंवा तळहातावर मावणाऱ्या स्वस्त यंत्रावर पॅक-मॅन, मारिओ आणि टेट्रिस खेळत बसतात. पॅक-मॅन १९८० चा, टेट्रिस १९८४ चा, सुपर मारिओ १९८५ चा. म्हणजे खेळ त्यांच्या आईवडिलांच्या वयाचे. असे का व्हावे?

सर्वांच्या ओठांवर असलेले उत्तर म्हणजे आठवण. जी मुले १९८५ ते १९९५ च्या दरम्यान शेजारच्या घरी टीव्हीपुढे मांडी घालून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसली, ती आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. तेव्हा खिशात रुपया नव्हता, आता पगार आहे. जे मागूनही मिळाले नाही ते आता आपल्याच पैशाने घेता येते. कंपन्यांना हे गणित कळायला वेळ लागला, पण कळले. नोव्हेंबर २०१६ मध्ये निन्टेन्डो कंपनीने आपले जुने यंत्र तळहाताएवढे करून, आत ३० जुने खेळ भरून बाजारात आणले. दुकाने उघडताच ते संपू लागले. पाच-सहा महिन्यांत तेवीस लाख नग गेले. आणि मग मार्च २०२० मध्ये आपले बेट बंद झाले, साऱ्या जगाने दारे लावून घेतली, तेव्हा कित्येक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवरून खोके खाली उतरले.

हे सर्व खरे, पण आमच्या मते ते अर्धेच उत्तर आहे. आठवणीपोटी खेळणारा मनुष्य किती दिवस खेळतो? आम्ही पाहिले आहे : दोन संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी यंत्र फळीवर जाते आणि त्यावर धूळ बसते. लहानपणीचा खाऊ मोठेपणी खावा तसे ते; एक घास पुरतो. शिवाय ज्या मुलाचा जन्म २०१० च्या आसपास झाला, त्याला १९८९ ची आठवण कोठून येणार? जुना खेळ पुन्हा चालू लागतो तो आठवण असलेल्यांमुळे नव्हे, आठवण नसलेल्यांमुळे. पहिल्या खेळाडूंना त्यात जे दिसले नव्हते ते नव्यांना दिसते, तेव्हा तो खरा परत येतो. टेट्रिसची हकीकत ऐकली म्हणजे हे पटेल. ती थोडी विस्ताराने सांगतो.

टेट्रिस जन्मला मॉस्कोत. १९८४ साली तेथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजितनोव्ह यांनी तो फावल्या वेळात केला. त्यांच्या यंत्राला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून टाइप करण्याच्या कंसांनीच त्यांनी चौकोन दाखवले. चार-चार चौकोनांचे सात आकार, दहा चौकोन रुंद आणि वीस चौकोन उंच अशी विहीर, वरून एकेक आकार पडणार, आपण तो फिरवून बसवायचा, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होणार. नियम संपले. केंद्रातील लोक कामे सोडून खेळू लागले. १९८९ साली हेंक रॉजर्स यांनी मॉस्कोत खेपा घालून हक्क मिळवले आणि निन्टेन्डोच्या गेम बॉय या खिशातल्या यंत्राबरोबर तो जगभर गेला. सोव्हिएत सरकारची मालकी असल्याने पाजितनोव्ह यांना १९९६ पर्यंत त्यातून काही मिळाले नाही, ही गोष्ट आम्हांला फार लागते, पण ती निराळी कथा आहे.

त्याच १९८९ साली निन्टेन्डोने टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठीही टेट्रिस काढला. त्यात पातळ्या असतात. पातळी वाढली की आकार अधिक वेगाने पडतात. २९ व्या पातळीवर वेग इतका होतो की वरून निघालेला आकार सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात तळाला टेकतो. बटण दाबून धरले तर आकार सेकंदाला दहा घरे सरकतो, म्हणजे भिंतीपर्यंत पोहोचण्याआधीच खाली आदळतो. वीस वर्षे सर्वांनी मानले की येथे खेळ संपला. कंपनीनेही पुढचा विचार केलेला नसावा, असे दिसते.

२०१० साली लॉस एंजेलिसला या जुन्या टेट्रिसची पहिली जागतिक स्पर्धा झाली. जोनास न्यूबॉयर हे पहिल्या आठांपैकी सात वेळा जिंकले. हे सारे लहानपणी खेळलेले, आता प्रौढ झालेले लोक होते. आपण त्यांना जुने खेळाडू म्हणू. स्पर्धेच्या चित्रफिती लाखो लोकांनी पाहिल्या आणि पाहणाऱ्यांत शाळकरी मुले होती. २०१८ साली १६ वर्षांचा जोसेफ सेली अंतिम फेरीत न्यूबॉयर यांच्यासमोर बसला. न्यूबॉयर तेव्हा ३७ वर्षांचे. मुलगा बटण दाबून धरत नव्हता. अंगठा थरथरवत सेकंदाला दहाहून अधिक वेळा ते टिपत होता. त्यामुळे २९ वी पातळी त्याला भिंत वाटत नव्हती. तो जिंकला आणि पराभूत झालेल्या माणसाने त्याचे मनापासून कौतुक केले. न्यूबॉयर पुढे जानेवारी २०२१ मध्ये वारले.

अंगठा थरथरवणे हे हाताला सोसत नाही. त्यावर आणखी एक युक्ती निघाली. बटणावर अंगठा नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे यंत्राच्या पाठीवर एकामागून एक अशी आपटायची, जणू तबल्यावर बोल वाजवावा. प्रत्येक बोटागणिक यंत्रच अंगठ्यावर येऊन आदळते. तीस वर्षे कोट्यवधी लोकांनी ते यंत्र हातात धरले होते. त्याच्या पाठीचा असा उपयोग कोणाला सुचला नव्हता. या युक्तीने पातळ्यांमागून पातळ्या कोसळल्या. २१ डिसेंबर २०२३ रोजी ओक्लाहोमा राज्यातील विलिस गिब्सन हा १३ वर्षांचा मुलगा १५७ व्या पातळीवर पोहोचला आणि यंत्र गोठले. आकार पडायचा थांबला. इतक्या वरच्या पातळीला गुणांचा हिशेब करायला यंत्राला जो वेळ लागतो, तो त्याच्याजवळ उरत नाही, म्हणून ते अडकते. एवढा काळ यंत्र माणसाला हरवत आले होते. त्या दिवशी प्रथम यंत्राने हात टेकले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये मायकेल आर्टियागा या दुसऱ्या मुलाने, हा अडकण्याचा दोष काढून टाकलेल्या प्रतीवर, २५५ वी पातळी ओलांडली आणि खेळ पुन्हा शून्यावर आला.

विलिसची बातमी देताना एका ब्रिटिश वृत्तवाहिनीवरील बाईंनी त्याला घराबाहेर पडून मोकळी हवा घेण्याचा सल्ला दिला. त्यावर बरीच टीका झाली. आमच्या आजींनीही नेमका तोच सल्ला दिला असता, हे कबूल केले पाहिजे. पण त्याच आजी गंजिफाचा किंवा पत्त्यांचा डाव अर्ध्यावर टाकून उठत नसत, हेही खरे.

मुलांना या जुन्या खेळांत काय सापडते, हे आम्ही त्यांनाच विचारून पाहिले. उत्तरे त्रोटक मिळाली. एक म्हणाला, लगेच सुरू होतो. यात बरेच आले. नवा खेळ आणला की आधी तासभर तो उतरवून घ्या, मग खाते उघडा, मग परवाना वाचल्याची खूण करा, मग शिकवणीचे धडे, मग मध्येच दुकान उघडते आणि आईच्या बँक कार्डाचा नंबर मागते. जुन्या खेळात बटण दाबले की राक्षस अंगावर येतो. दुसरी मुलगी म्हणाली, हरले तर माझ्यामुळे हरते. हे उत्तर आम्हांला अधिक मोलाचे वाटले. जुने खेळ कठीण आहेत, पण लबाड नाहीत. कॅसेटमध्ये जागा थोडी. सुपर मारिओचा सबंध खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला आहे, म्हणजे आजच्या टेलिफोनवरचा एक साधा फोटो त्याच्या कित्येक पट भरतो. एवढ्या जागेत थोडेच सांगता येते, म्हणून जे सांगायचे ते स्वच्छ सांगावे लागले. कानेत खेळताना गोटी लागली की नाही ते सर्वांना दिसते, तसेच हे.

आणि आपल्या बेटाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. आपल्या एकाच घरात आजी मराठी नाही तर भोजपुरी समजते, नातवंडे क्रियोल बोलतात, शाळेचा अभ्यास इंग्रजीत आणि वर्तमानपत्र फ्रेंच. नवे खेळ पानेच्या पाने इंग्रजी संवाद वाचायला लावतात. टेट्रिसला एकही शब्द लागत नाही. पॅक-मॅनला तोंड आहे, पण तो बोलत नाही. १९८० साली तोरू इवातानी यांनी तो केला तेव्हा हाणामारी आणि गोळीबाराचे खेळ फार झाले होते. मुली आणि जोडपीही खेळतील असा खाण्याचा खेळ त्यांना हवा होता. म्हणून आजही आजी आणि नात एका सोफ्यावर बसून तो खेळू शकतात. दोघींना मिळून एकच यंत्र, एकीचा डाव संपला की दुसरीचा. एकमेकींचे हात दिसतात, ओरडणे ऐकू येते. आजकाल एकत्र खेळणे म्हणजे पाच मुलांनी पाच खोल्यांत, पाच देशांत बसणे. त्यातही मौज असेल, पण शेजारच्याला कोपराने ढोसता येत नाही.

यापुढची गोष्ट पैशाची आणि मालकीची आहे, आणि आमच्या मते तीच पालकांनी नीट लक्षात घ्यावी. १९८९ ची टेट्रिसची कॅसेट आज यंत्रात घातली तर चालते. उलट 'द क्रू' हा मोटारींचा खेळ २०१४ साली निघाला, लोकांनी पैसे देऊन घेतला, आणि ३१ मार्च २०२४ रोजी यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने त्याची केंद्रे बंद केली तेव्हा तो सर्वांच्या घरात एकदम मेला. एकट्याने खेळायचा भागही चालेना, कारण तोही कंपनीच्या केंद्राशी जोडलेला होता. यावरून युरोपात चळवळ उभी राहिली. कंपन्यांनी विकलेले खेळ असे मारू नयेत, या मागणीवर दहा लाखांहून अधिक नागरिकांनी २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत सह्या केल्या. ज्याला वाटते की हा पोरखेळ आहे, त्याने दुकानदाराने विकलेली खुर्ची दहा वर्षांनी घरी येऊन उचलून नेली तर कसे वाटेल, याचा विचार करावा. जुन्या खेळांकडे वळणाऱ्या पुष्कळ तरुणांच्या मनात ही धास्ती आहे : हातात राहील असे काहीतरी हवे.

परंतु जुनेही सर्व हातात राहिले आहे असे नाही. २०२३ साली अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. कंपनी बुडाली, हक्क कोणाकडे ते ठाऊक नाही, किंवा पुन्हा काढणे परवडत नाही. जे वाचले ते प्रामुख्याने हौशी लोकांमुळे. फेब्रुवारी १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन तरुणाने 'मेम' नावाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. नाक्यावरच्या दुकानांत नाणे टाकून खेळायची मोठी यंत्रे असत. त्यांच्या आतल्या घडणीची हुबेहूब नक्कल घरच्या संगणकावर करण्याची ही सोय. पुढे जगभरचे लोक फुकट राबून एकेक यंत्र त्यात आणत राहिले. नक्कल करणारा कार्यक्रम असणे हा गुन्हा नव्हे. पण त्यात चालवायचा खेळ दुसऱ्याच्या हक्काचा असतो आणि तो फुकट उतरवून घेणे बहुतेक ठिकाणी कायद्यात बसत नाही. ग्रंथालयांनी अभ्यासकांना असे खेळ दुरून उघडून दाखवावे, ही परवानगीदेखील अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. विकायचे नाही आणि दाखवायचेही नाही, हा न्याय आम्हांला तरी समजत नाही. ॲपल कंपनीने मात्र एप्रिल २०२४ मध्ये आपल्या टेलिफोनवर नक्कल करणारे कार्यक्रम चालू दिले, आणि मुलांच्या हातात मारिओ दिसू लागण्याचे एक कारण तेही आहे.

जुन्या कॅसेटींच्या लिलावाच्या बातम्या वाचून कोणी हुरळून जाऊ नये. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४' च्या एका कॅसेटीला पंधरा लाख डॉलरांहून अधिक किंमत आली, हे खरे. पण ती मूळ वेष्टनात, कधीच न उघडलेली होती. कधीच न खेळलेला खेळ तो. आपल्या घरातल्या, पोरांनी दातांनी चावलेल्या पिवळ्या कॅसेटीला कोणी गाडी देणार नाही. शिवाय तिच्यावर ९९९९ खेळ असे छापलेले असले तरी आत मोजून पंधरा-वीसच असत, तेच ते रंग बदलून पुनःपुन्हा. आज स्वस्त यंत्रांच्या खोक्यांवर जे हजारांचे आकडे असतात, तेही त्याच शाळेतले आहेत.

मात्र घरात खरे जुने यंत्र असेल तर ते आताच बाहेर काढा, कारण आपली हवा त्याची वैरी आहे. किनाऱ्याजवळच्या घरांत खारा वारा दाराच्या बिजागऱ्यासुद्धा सोडत नाही, तेथे कॅसेटीच्या पत्र्याच्या पातळ दातांची काय कथा. कॅसेट लागत नसली की आपण सर्व जण तिच्यात फुंकर मारत असू. तिने लागते असे वाटते ते कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे. फुंकरीतली ओल उलट दात गंजवते. त्याऐवजी औषधांच्या दुकानातील निर्जंतुक अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन दात हलक्या हाताने पुसावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. खिशातल्या यंत्रात सेल विसरले असतील तर ते काढावेत. फुटून वाहिले की आतल्या पट्ट्या खातात. ज्या खेळांत आपली प्रगती जपून ठेवता येते, उदाहरणार्थ 'झेल्डा' किंवा 'पोकेमॉन', त्यांच्या बऱ्याच जुन्या कॅसेटींत नाण्याएवढी बॅटरी डागलेली असते. ती संपली तर खेळ चालतो, पण सकाळी उघडल्यावर रात्रीची मेहनत पुसलेली असते. रेडिओ दुरुस्त करणारा कोणीही डाग काढून नवी बसवू शकतो; मात्र जुनी काढताच जपलेले सर्व जाते, हे मुलाला आधी सांगावे म्हणजे रडारड होणार नाही.

आणि जाड काचेचा जुना टीव्ही भंगारवाल्याला देण्याची घाई करू नये. नव्या सपाट टीव्हीत चित्र अंमळ उशिरा उमटते. मारिओला उडी मारायला सांगावे आणि तो खड्ड्यात पडल्यावर ऐकावा, असा प्रकार होतो. बदके मारायच्या बंदुकीचे तर त्यावर काहीच चालत नाही. ती बंदूक काही फेकत नाही, ती पाहते. चाप ओढला की क्षणभर सारा पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि नळीतला डोळा तो उजेड टिपतो. सपाट टीव्हीवर तो चौकोन उगवेपर्यंत बंदुकीने डोळा मिटलेला असतो. तेव्हा टीव्ही दाराबाहेर ठेवण्यापूर्वी, पलंगाखालच्या खोक्यात वायर गुंडाळलेली ती बंदूक पडली आहे का, एवढे एकदा वाकून पाहावे.